विश्वजित साळोखेची सॅक आणि एक हयातीचा दाखला

विश्वजित साळोखेची सॅक चार किलो दोनशे ग्रॅम भरते. हे वजन त्यानेच केले आहे, आणि ज्या काट्याने केले तो काटाही एरवी त्याच सॅकमध्ये असतो. मुठीत मावेल एवढा काटा आहे. खाली हूक, वर आकडे. रविवारी मटणाच्या दुकानात पिशवी हातात पडली की तो ती हुकाला अडकवून बघतो. फरक कधी निघाला नाही. एकदा दुकानदार म्हणाला, "साळोखे, पुढच्या खेपेला आधी येऊन बकऱ्याचं ब्लडप्रेशर बघून जावा. मग कापतो." रांगेतली माणसे हसली. विश्वजितही हसला. पुढच्या रविवारी काटा होताच.

आमच्या मंगळवार पेठेतल्या तालमीचे मंडळ दरवर्षी एक लहान पुस्तिका काढते. तिच्यात गल्लीतल्या एका माणसाविषयी दोन-तीन पाने असतात. यंदा ती पाने माझ्याकडे आली. नोकरीत पत्रांच्या मसुद्यांपलीकडे मी काही लिहिलेले नाही, तेव्हा जे पाहिले तेवढेच लिहितो.

विश्वजित सत्तेचाळीस वर्षांचा आहे. शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतकाम मापाप्रमाणे झाले आहे की नाही हे तपासायचे काम तो करतो. दिवसभर मापे घेणाऱ्या माणसाला संध्याकाळी त्याचा कंटाळा यावा, पण तो येताना गल्लीच्या तोंडाला थांबतो आणि खिशातल्या लेझरने रस्त्याची रुंदी मोजतो. गाड्या कशा लावल्या आहेत त्यावर ती रोज बदलते, असे त्याने मला सांगितले. त्याच्याकडे दोन फोन आहेत. दोन पॉवर बँक आहेत, त्यातली एक विटेएवढी. वायरींना रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या आहेत आणि कुठला रंग कशाचा हे फक्त त्यालाच माहीत आहे. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डे तो गोळ्यांच्या सात खणांच्या डबीत ठेवतो, सोमवार ते रविवार असे छापलेल्या. करोनात घेतलेले ताप बघायचे यंत्र अजून चालू आहे. मंडळाच्या जेवणावळीत तो ते तांबड्या रश्श्यावर धरतो.

"एक्क्याऐंशी," तो म्हणाला होता.

"तोंड भाजल्यावर आमास्नी कळलंच असतं की," सयाजी म्हणाला.

सयाजी एसटीत ड्रायव्हर होता, आता रिटायर. सकाळी तालमीच्या पायरीवर मी, तो आणि आणखी दोघे-तिघे पेन्शनर बसतो. नवीन काही मागवले की विश्वजित खोके न उघडता तिथे घेऊन येतो आणि आमच्यासमोर उघडतो. सयाजी दर वेळी एकच विचारतो.

"ह्याचा उपेग काय, विश्वा?"

"लागलं तर असावं, मामा."

"लागलंय का कधी?"

विश्वजित खोक्यातला माहितीचा कागद उलगडायला लागतो. त्याची बायको पूर्णिमा म्हणते, आमच्या घरात माणसं तीन आणि खुर्च्या चार, चौथी सॅकची.

त्यातली एक वस्तू मात्र खरोखर उपयोगी होती. ते अंगठा घ्यायचे यंत्र. पेन्शन घेणाऱ्याने दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. विश्वजितचे वडील शिक्षक होते. शेवटची दोन वर्षे ते अंथरुणावर होते, त्यांच्यासाठी त्याने ते यंत्र घेतले. वडील गेले, यंत्र राहिले. त्यानंतरच्या नोव्हेंबरात त्याने पायरीवर बसून आम्हा सगळ्यांचे दाखले केले. माझा अंगठा दुसऱ्या खेपेला लागला. पैसे विचारले तर तो म्हणाला, "काका, यंत्र पडूनच हाय की."

मागच्या नोव्हेंबरात मी, सयाजी आणि बाकीचे पहिल्याच आठवड्यात मोकळे झालो. राहिल्या बायडाबाई.

बायडाबाई तालमीच्या मागच्या बोळात एका खोलीत एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. यजमान सरकारी कचेरीत शिपाई होते, त्यांच्या मागे यांना पेन्शन मिळते. दोन वर्षांपूर्वी त्यांचा दाखला वेळेत गेला नव्हता आणि पेन्शन चार महिने थांबली. बाईंनी कोणाला सांगितले नाही. साखरेच्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायला लागल्या. तिसऱ्या महिन्यात नळावर चक्कर येऊन पडल्या तेव्हा पूर्णिमाने गोळ्यांचा डबा उघडून बघितला आणि सगळे कळले.

गेल्या दसऱ्याच्या आधी त्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. हाड मोडले नाही, पण कंबर धरली. म्हणून त्या पायरीवर आल्या नाहीत, आणि आमच्यापैकी कोणी विचारलेही नाही. अठ्ठावीस तारखेला त्या रिक्षा करून बँकेत गेल्या. बँक पहिल्या मजल्यावर. कशाबशा चढल्या, तिथे अंगठा उठला नाही, तशाच उतरल्या. हे त्यांनी पूर्णिमाला एकोणतीसला संध्याकाळी सांगितले. तीस तारखेला रविवार होता आणि मुदतीचा शेवटचा दिवस.

रविवारी सकाळी नऊला विश्वजित सॅक घेऊन त्यांच्या खोलीत गेला. सयाजी मागोमाग गेला, कारण त्याला दुसरे काम नव्हते. मीही गेलो.

बायडाबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. विश्वजितने आधी अंगठा घेतला. लागला नाही. मग एकेक करून दहाही बोटे. ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून, खोबरेल लावून, पुन्हा पुसून. यंत्राचा लाल दिवा काही हिरवा होईना.

"भाकऱ्या थापून आणि शेणी लावून रेघा गेल्या बघ," बायडाबाई म्हणाल्या. "पन्नास वर्सं झाली. न्हाईत आता त्या."

"मग पायाचं घे की अंगठं," सयाजी म्हणाला.

"मामा, गप बसा जरा." विश्वजितने यंत्र बाजूला ठेवले. "चेहऱ्यावर बी होतंय, आज्जी. फोनसमोर बघायचं आणि एकदा डोळे मिचकवायचे. झालं."

आधी त्याने स्वतःचा चेहरा फोनला दाखवला, कारण दाखला काढणाऱ्याचाही लागतो. मग फोन बायडाबाईंसमोर धरला. फोनने नकार दिला. पडद्यावर आले, डोळे मिटलेले आहेत.

"आज्जी, डोळं उघडं ठेवा."

"उघडंच हाईत की."

फोन खाली होता तेव्हा ते उघडेच होते. फोन वर गेला की पुन्हा नकार. विश्वजितला वाटले खोलीत उजेड कमी आहे. त्याने सॅकमधून गोल दिवा काढला आणि विटेएवढ्या पॉवर बँकेला जोडला. नकार. दिवा डोळ्यांवर येत असेल म्हणून तो मागे घेतला, त्याच्यावर पांढरे कापड टाकले. नकार. हात हलत असेल म्हणून वाकड्या पायांचा स्टँड पाटावर उभा करून फोन त्यात बसवला. मग नेटवर संशय आला, म्हणून दुसऱ्या फोनवरून नेट घेतले. ॲप काढून परत घातले. तेवढ्यात पूर्णिमा चहा घेऊन आली. दहा वाजून गेले होते.

"आज्जी, तुम्ही नुसतं समोर बघा हो," विश्वजित म्हणाला. त्याचा आवाज थोडा चढला होता. "आज रात्री बाराला बंद पडतंय हे सगळं."

"बघालीया की रं."

"आज्जीचं न्हाई तर माझं तोंड घाल," सयाजी म्हणाला. "पेन्शन तिला मिळू दे, जित्ता मी हाय."

बायडाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आणि ह्ये न्हाई झालं तर मागल्यागतच का?"

विश्वजित म्हणाला, "न्हाई, होतंय," आणि पुन्हा स्टँडचे पाय वाकवायला लागला.

मी दाराजवळ स्टुलावर बसलो होतो. विश्वजित पडद्यावरचा नकार वाचत होता, बाईंकडे बघत नव्हता. मला बाई सबंध दिसत होत्या. फोन समोर आला की त्यांचे दोन्ही हात मांडीवर जुळायचे, मान किंचित खाली जायची आणि डोळे मिटायचे. हे मी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पाहिले. पण मला फोनवर साधा निरोप पाठवता येत नाही. त्याला मी काय सांगणार, असे वाटून गप्प राहिलो. अर्धा तास तरी असाच गेला. हे सांगायला बरे वाटत नाही, पण तसे झाले.

शेवटी पूर्णिमाने बशी खाली ठेवली आणि सरळ बाईंनाच विचारले, "आज्जी, डोळं का मिटालाय तुम्ही?"

"मग काय करू?" बायडाबाई म्हणाल्या. "सारखा जोतिबा म्होरं धराल्यावर टकामका बघत बसू व्हय?"

विश्वजितने फोन स्टँडमधून काढून उलटा केला. मागच्या कव्हरवर घोड्यावर बसलेला जोतिबा होता, गुलालासकट. वर्षात दोन फोन पडून फुटले म्हणून पूर्णिमाने ते कव्हर जोतिबाच्या डोंगरावरून आणून स्वतः चढवले होते. विश्वजित तो फोन दिवसातून शंभर वेळा हातात घेतो, पण बघतो पुढच्या बाजूला.

मग सयाजी म्हणाला, "अक्का, अगं तासभर पाया पडालीयास. एवढ्यात डोंगर चढून आली असतीस."

विश्वजित कव्हर काढायला लागला. ते घट्ट बसले होते. पूर्णिमा म्हणाली, "अवं, नखानं नका उचकटू, फाटंल." तिने ते कोपऱ्यातून सोडवले आणि बायडाबाईंच्या हातात दिले. त्यांनी ते कपाळाला लावले आणि उशीवर ठेवले.

"आता बघा," विश्वजित म्हणाला.

आता त्या बघायला लागल्या त्या अशा की पापणीच लवेना. तासभर डोळे उघडा म्हणून ऐकले होते, तेव्हा त्यांनी ते ताणून धरले.

"एकदा मिचकवा, आज्जी."

"कुणाला?"

"मी बसलोय की हितं," सयाजी म्हणाला.

"तुझ्याकडं बगितलं की आपसूकच मिटत्यात," बायडाबाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आले. हसताना पापण्या लवल्या. फोनने टिंग केले. विश्वजितने पडदा जवळ धरून दोनदा वाचला आणि म्हणाला, "झालं."

सयाजी म्हणाला, "एवढं दुकान मांडलंस विश्वा, आणि काम झालं ते एक वस्तू काढल्यावर."

"देवाला वस्तू म्हणू नका, मामा," पूर्णिमा म्हणाली. विश्वजित वायरी गुंडाळत होता.

"कागूद दे," बायडाबाई म्हणाल्या.

"कागद नसतोय, आज्जी. नंबर आलाय. गेलं ते तिकडं."

"तिकडं गेलं. माझ्याकडं काय ऱ्हायलं?"

त्याने समजावून बघितले. बाई कागदाचा हट्ट सोडेनात. सॅकमध्ये प्रिंटर नव्हता. विश्वजित गाडी काढून गेला; रविवार असल्याने तीन झेरॉक्सची दुकाने बंद होती आणि तो पाऊण तासाने बिंदू चौकाकडून दोन प्रती घेऊन आला. बाईंनी कागद सयाजीला वाचायला लावला. यजमानांचे नाव बरोबर आहे का, हे दोनदा विचारले. मग एक प्रत घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवली आणि दुसरी गादीखाली.

विश्वजित अजून रोज पायरीवरून जातो. गोल दिव्याच्या उजेडात काहीतरी कमी होते असे त्याला अजून वाटत असावे, कारण नंतर त्याने आणखी मोठा दिवा मागवला.

डिसेंबरच्या अखेरीला बायडाबाईंच्या साध्या फोनवर बँकेचा मेसेज आला. पूर्णिमाने तो वाचून दाखवला. पेन्शन जमा झाली होती. बाई म्हणाल्या, "फोनचं काय खरं?" आणि पासबुक भरून आणायला विश्वजितला पाठवले. येताना औषधाच्या दुकानातून महिन्याच्या गोळ्या घेऊन ये, असेही सांगितले. तो दोन्ही कामे करून आला. बाईंनी पासबुकातली शेवटची ओळ बोट ठेवून बघितली, गोळ्यांच्या पट्ट्या मोजून घेतल्या आणि त्याला चहा टाकला.