पोतंफाडे मामू

मामू उकळत्या पाण्यात तांदूळ वैरायचे आणि झारा हातात घ्यायच्या आधी कंबरेची सुरी काढून रिकामं पोतं उभं फाडायचे. मग आडवं. मग त्या चिंध्या चुलीमागे भिरकावायचे. आमच्याकडची हळद असो की त्यांच्याकडचा लग्नाचा वलिमा, पोतं काही सुटत नसे. आता आमच्या कशेळे गावाकडे रिकामं पोतं म्हणजे काय वस्तू असते हे मी सांगायला नको. त्यावर मिरच्या वाळतात, पावसात त्याची खोळ होते, थंडीत ते कोंबड्यांच्या खुराड्यावर पडतं. माझी आई जीव तोडून ओरडायची, "अहो मामू, ते पोतं काय खातंय तुमचं? द्या की इकडं!" मामू मानही वर करायचे नाहीत. "भात माग गं बाय, पायजे तेवढा देतो. पोतं मागू नको." लोकांनी त्यांचं नाव पोतंफाडे पाडलं ते काही उगाच नाही.

आमचं बाजारात मंडपाचं आणि भाड्याच्या भांड्यांचं दुकान. मामू आमच्या देगी नेऊन जेवणावळी रांधायचे. त्यांचं मूळ गाव चौक, पण राहायचे इथे भाच्याकडे. भाचा मामू म्हणायचा म्हणून सगळा बाजार त्यांना मामू म्हणायला लागला, माझे आजोबासुद्धा! तरुणपणी ते आखातात गेले, कामगारांच्या छावणीत रांधायला. तिथून एका मदत करणाऱ्या संस्थेने त्यांना आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात नेलं. तिथे दुष्काळ होता आणि लढाईही होती, एकाच देशातली माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली. एवढं सगळ्यांना माहीत होतं. देशाचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही, नुसतं 'तिकडे' म्हणायचे. मी एकदा फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, "नाव सांगितलं की तू म्हणशील, तिथली माणसं वाईट. तशी नव्हती गं. आपल्यासारखीच हायत."

दुसरी तऱ्हा म्हणजे मामू स्वतः चव बघत नसत. रांधणारा माणूस चव बघत नाही, असं कुठे ऐकलंय? झाकण निघालं की हाक यायची, "सुमन, ये गं, घास घे." मी बारावीत आपटून दुकानात बसलेली, फुकटचा पहिला घास मला काय नको होता? पण तो देगेमागे उभं राहून खायचा नाही. पुढे यायचं, सगळ्या पंगतीला दिसेल असं उभं राहायचं आणि मग खायचा. एका हळदीला भात असा कढत होता की माझी जीभ पोळली. थुंकायला वळले, तर कधी आवाज न चढवणारा हा माणूस माझ्यावर खेकसला, "थुकू नको! गिळ! बघतायत सगळे!" माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि समोर नवरीच्या मावश्या फिदीफिदी हसतायत. कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग एक दिवस ते देगेच्या तळाची खरवड तुपात परतून घेऊन आले आणि माझा राग संपला. खादाड माणसाचा राग तो केवढा असणार!

कुणी पुण्य म्हणून धान्य वाटायला निघालं की मामू आडवे यायचे. "शिजवून घाल," एवढंच म्हणायचे. त्याचं कारण ते मजेत सांगायचे. तिकडे रस्त्यात जागोजागी बंदूकवाले ट्रक अडवायचे, गोणी उतरवून घ्यायचे, काही बाजारात विकायचे, काही आपल्याच जमातीला द्यायचे. ज्यांच्यासाठी धान्य आलं ते तसेच उपाशी. संस्थेचे साहेब म्हणायचे, यांना थोडं दिलं नाही तर उरलेलंही पुढे जाऊ देणार नाहीत. मग मामूंनी सुचवलं, आपण इथेच चुली मांडू. "शिजलेल्या भाताला बंदूक लावून करतोय काय? नेला तर उन्हात आंबतो. इकायला जमत नाय. लय तर एक ताट जेवल. जेवू दे की, त्याला पण पोट हाय." इथपर्यंत सांगून ते हसायचे आणि विडी पेटवायचे. पुढचं काही विचारलं की त्यांना एकदम काम आठवायचं.

पुढचं मला कळलं ते एका पावसाळ्यात. वरच्या डोंगरातल्या वाडीचा रस्ता ओढ्याने खाल्ला, घराघरातलं धान्य भिजलं. एका पुढाऱ्याने टेंपो भरून तांदूळ पाठवला. प्रत्येक गोणीवर त्याचा हसरा फोटो, एवढा मोठा की आत तांदूळ मावला कसा याचंच नवल! टेंपो वर चढेना, म्हणून त्याच्या माणसांनी पायथ्याच्या माळावर एका झाडाखाली गोण्यांची थप्पी लावली. मागच्या जीपमध्ये देग घेऊन मामू आणि मी. आम्ही उतरत होतो तेवढ्यात एकाने शिट्टी फुंकली आणि वर बघून हाक दिली, "या रं, घेऊन जावा!" डोंगरावरून माणसं निघाली. कडेवर पोरं घेतलेल्या बायका पुढे, धावतच.

मामूंनी आधी गोण्यांकडे पाहिलं, मग डोंगराकडे. देगेचा कान त्यांच्या हातातून सुटला. "थांबा! खाली येऊ नका! तिथंच थांबा!" असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. त्या वयात ते चिखलातून धावत गेले, थप्पीवर पडले आणि सुरीने एकामागून एक गोणी फाडत सुटले. पुढाऱ्याच्या फोटोचे दोन तुकडे झाले. त्याच्या माणसाने मामूंची मानगूट धरली, "म्हातारा येडा झाला काय रं?" मामूंना त्याचं भानच नव्हतं. दोन्ही ओंजळी भरून ते माझ्याकडे वळले. "सुमन, बघ गं. तांदूळच हाय ना? तांदूळच हाय ना गं?"

"तांदूळच आहे मामू," मी म्हटलं. ते तिथेच बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

वरची माणसं त्यांच्या ओरडण्याने घाबरून जागच्या जागी उभी होती. कुणी खाली येईना. शेवटी मी आणि टेंपोवाल्याने चूल मांडली. मामू डोळे पुसत उठले, त्यांनी भात शिजवला, आणि म्हणाले, "पुढं जा. त्यांना दिसू दे." मी माळाच्या मधोमध उभी राहून घास खाल्ला. मग एक म्हातारी निघाली, आणि तिच्यामागून बाकीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानामागे आम्ही देग घासत होतो तेव्हा मामू आपणहून बोलले. "हलिमा नाव होतं तिचं."

हलिमाची माणसं बंदूकवाल्यांच्या भीतीने डोंगरात लपलेली होती. मामूंच्या चुलीशी आधी ती एकटी आली. भातात विष असेल, दगा असेल, म्हणून बाकी कुणी येईना. मग ती उघड्यावर उभी राहून पहिला घास खायची, लपलेल्यांना लांबून दिसेल असा. कितीही गरम असला तरी थुंकायची नाही. तिने गिळला की माणसं उतरायची. हळूहळू ती माणसं गोण्यांवरची संस्थेची खूण ओळखायला लागली. ती खूण दिसली की समजायचं, मामूंची चूल तिथे आहे.

"आणि मी काय केलं," मामू राख चोळत म्हणाले, "आपल्याकडची सवय! रिकामी पोती टाकवेनात. बायांना वाटली. म्हटलं, छपराला होतील, पोरांना निजवायला होतील." बंदूकवाल्यांनी ती पोती बायकांकडून हिसकावली, त्यांत वाळू भरली आणि नदीपलीकडे झाडाखाली थप्पी लावून ठेवली. हलिमाने ती लांबून पाहिली. "तिला वाटलं असल, मीच चूल तिथं नेलीय. ती पुढं गेली. तिच्यामागनं बाकीची."

"मग?"

"मग काय? वाळू होती गं." गोळ्यांचा आवाज त्यांना चुलीपाशी ऐकू आला होता. "काही परत आली. ती नाय आली. मेलेल्यांत पण नाय घावली." नंतर संस्थेने कामावरच्या सगळ्यांना घरी पाठवून दिलं.

घावली नाही, यानेच त्या माणसाचा पिच्छा पुरवला. त्या दिवसापासून ते मला अधूनमधून विचारायचे, "सुमन, असल का गं ती?" मी म्हणायचे, "आहे की! नातवंडांना भात भरवतेय." ते हसायचे, "खोटारडी!" आणि पुन्हा काही दिवसांनी तेच विचारायचे. टीव्हीवर असल्या कुठल्या देशातली उपाशी माणसं दाखवली की ते पडद्याला नाक लावून बायकांचे चेहरे बघत बसायचे. एकदा स्वतःवरच चिडून म्हणाले, "बघ माझी अक्कल! ती आता म्हातारी झाली असल आणि मी तरणी शोधतोय." मला हसू आलं आणि रडूही आलं. हातातली पातेली तशीच टाकून मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

गेल्या उन्हाळ्यात मामू गेले. आता बाजारात कुणीही "सुमन, ये गं" म्हटलं तरी मी वळून बघते. इतकी आठवण येते की देगी भाड्याने द्यायच्या म्हटल्या तरी जिवावर येतं.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला भाच्याने आमच्याच देगी नेल्या. रांधायला कर्जतहून एक तरुण आला होता. त्याने तांदूळ वैरला आणि रिकामं पोतं नीट घडी करून काखेत मारलं. मी ते ओढून घेतलं आणि उभं फाडलं. "अहो ताई, चांगलं पोतं होतं!" तो कळवळला. "भात मागा, पाहिजे तेवढा देते," मी म्हटलं.

झाकण निघालं. मी घास घेतला आणि बायकांच्या पंगतीसमोर जाऊन उभी राहिले. घास तोंडात गेला. काही केल्या तो घशाखाली उतरेना. वाटलं, तोंड फिरवून टाकून द्यावा आणि मोकळेपणी रडावं. पण समोर चौकाकडच्या, कशेळ्यातल्या, वरच्या वाडीतल्या बाया ताटाला हात न लावता माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी गिळला.