मालसुनचं खत

कोरियातल्या चोंगजू शहराच्या एका जुन्या वसाहतीत प्यो मालसुनला पोरंटोरं 'सालपटवाली आजी' म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. नवरा गेल्यावर वर्षभर ती घराबाहेर पडली नव्हती. तिला हाताला धरून बाहेर काढलं ते शेजारच्या गिल जोंगजानं. जोंगजा रहिवासी समितीची अध्यक्ष होती. अंगणात खरकट्याचं खत करणारं यंत्र बसलं, तेव्हा ती म्हणाली, "ताई, लोक डब्यात काहीबाही टाकतात. तुमच्यासारखी करडी नजर हवी तिथं."

मालसुनला जणू नवा जन्म मिळाला. रोज सकाळी ती डब्यांपाशी उभी राहायची. किमचीचं, म्हणजे कोबीच्या लोणच्याचं, पाणी पिळून टाका, कोंबडीची हाडं नकोत, कांद्याची टरफलं नकोत. कुणी कुरकुरलं की म्हणायची, "अगं, हेच उद्या तुझ्या पानात येणार आहे!"

आणि यायचंही. जोंगजा काळंभोर, भुसभुशीत खत पाटीत भरून आणायची. मालसुन ते मागच्या वाफ्यांत घालायची. तिथल्या मिरच्या दारोदार वाटताना तिची छाती फुगायची. "आपल्याच सालपटांच्या आहेत बरं!" लोक हसून घ्यायचे.

एकदा सून युनसोनं जेवणानंतर शिंपले डब्यात टाकले. मालसुननं चारचौघांत तिची खरडपट्टी काढली. "शिकलेली ना तू? एवढंही कळत नाही?" युनसो मान खाली घालून निघून गेली, ती पुन्हा रविवारी जेवायला आली नाही. मुलगा एकटाच यायचा. मालसुनला रुखरुख लागे, पण नियम म्हणजे नियम.

कोबीची रोपं लावायचे दिवस आले. जोंगजा भाचीच्या लग्नाला गावी गेली होती आणि वाफे खतासाठी खोळंबले होते. मालसुन पहारेकरी बांगकडे गेली. "यंत्राच्या खोलीची किल्ली द्या. मी काढते थोडं."

बांग चाचरला. "काकू, अध्यक्षबाई आल्या की..."

"रोपं काय अध्यक्षबाईंची वाट बघणार?"

तिनं खुंटीवरची किल्ली स्वतःच काढली. खोलीत यंत्र गंजून पडलं होतं. झाकण उघडलं तर आत पोतेरी आणि तुटका झाडू. कोपऱ्यात दुकानातल्या खताची पोती, त्यांवर गाईचं हसरं चित्र. एक पोतं अर्धं रिकामं होतं, शेजारी जोंगजाची पाटी.

"यंत्र दुसऱ्याच वर्षी बंद पडलं, काकू," बांग दारातून म्हणाला. "वास येतो म्हणून दुरुस्तही केलं नाही. डबे मी पहाटे मागच्या फाटकातून नगरपालिकेच्या गाडीला देतो."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

बांगनं मागं वळून बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाला, "सभेत ठरलं होतं. त्या संध्याकाळी तुम्ही मुलाकडे होतात."

मुलाकडे तिला आग्रहानं पाठवलं होतं ते जोंगजानंच. म्हणजे अख्ख्या वसाहतीला ठाऊक होतं. मिरच्या घेताना हसणाऱ्या प्रत्येकाला.

जोंगजा परतली ती लग्नातला तांदळाचा केक घेऊन. मालसुननं दारातच विचारलं, "मला वेड्यात काढलंस?"

जोंगजाचा चेहरा उतरला. "ताई, तुम्ही नुकतंच कुठं माणसांत आला होतात. यंत्र बंद पडलं म्हटलं असतं तर पुन्हा दार लावून बसला असता. आणि खरकटं काही वाया नाही गेलं, तिकडेही खतच होतं त्याचं."

"खताचं नाही गं विचारत मी."

"तुमच्या भल्यासाठीच केलं, ताई."

"माझं भलं करायला सगळी वसाहत जमवलीस, फक्त मलाच बोलावलं नाहीस." तिनं केक घेतला नाही. दार लावलं.

त्या दुपारी तिनं सुनेला फोन लावला. "युनसो, त्या शिंपल्यांवरून बोलले ते... चुकलं माझं."

"राहू दे, आई," युनसो म्हणाली. त्या रविवारीही मुलगा एकटाच आला.

मालसुन डब्यांपाशी पुन्हा उभी राहिली नाही. वाफ्यांत गवत माजलं. एक-दोन बायका दारात येऊन गेल्या, "तुमच्या मिरच्यांची सवय लागली होती हो," म्हणाल्या. तिनं त्यांना पाणी विचारलं, आत या म्हटलं नाही.

कडाक्याची थंडी पडली तेव्हा एकदा लिफ्टमध्ये दोघींची गाठ पडली. जोंगजा अंगानं वाळली होती. वर चढणाऱ्या आकड्यांकडे बघत ती हळूच म्हणाली, "ताई, यंदा तुमच्याशिवाय किमची घातली. मीठ चुकलं."

मालसुनच्या ओठांवर उत्तर आलं होतं. लिफ्ट मधल्याच एका मजल्यावर थांबली. तिचा मजला अजून वर होता, तरी ती तिथंच उतरली आणि उरलेले जिने कठड्याला धरून चढून गेली.