बूड नसलेली टोपली

ही गोष्ट मी कुणापाशी अख्खी काढली न्हाई. सखू, माझी बायको, हयात होती तवर तर न्हाईच. तिला जाऊन दोन म्हैने झाले. घरात बोलायला कुणी न्हाई, म्हणून तुमाला लिहितोय. दोन यत्ता शिकलेला माणूस मी—वाकडंतिकडं असंल.

मोमिनाबादेत टोपलीचा खेळ टिकला तो माझ्यामुळं, असं समदे म्हणतात. आमी बुरूड. ड्रिल मास्तरांनी हैदराबादेहून चेंडू आणला अन् खांबांवर बांधायला आमच्याकडं टोपल्या मागितल्या. मी विणल्या, बूड एकदम घट्ट. मग काय? चेंडू आत पडला की शिडी लावा, चढा, काढा. पोरं कंटाळली. मास्तर म्हणाले, आठ दिवस बघतो, न्हाईतर खेळ बंद.

"अवो, बूडच ठेवू नका की," सखू म्हणाली.

"बिनबुडाची टोपली? बुरुडाच्या घरातून? लोक तोंडात शेण घालतील."

"मग चढा शिडी जलमभर."

तिनंच विणली. कड जाड, खाली मोकळं. शाळेत नेऊन बांधली—चेंडू पडला तो सरळ खाली. पोरं नाचली. मास्तरांनी विचारलं, ही अक्कल कुणाची?

सखू माझ्या मागंच उभी होती. दुसरी टोपली तिच्या डोक्यावर होती.

मी म्हणालो—माझी.

कावून म्हणालो? बायकोचं नाव घेतलं असतं तर काय झालं असतं? पोरं हसली असती. बस, तेवढंच. मास्तरांनी मला फेटा बांधला. वाटेत ती म्हणाली, "शोभतोय हो." टोमणा होता. मला कळला. तरी घरापर्यंत फेटा उतरवला न्हाई मी.

तिनं पुन्हा विषय काढला न्हाई. दारच्या लिंबाला तसलीच टोपली बांधली, चिंध्यांचा चेंडू केला, अन् दुपारी गल्लीतल्या पोरींना नेम शिकवत बसली. गुडघे वाकवा, मग फेका. वीस वर्षं. त्या पोरींच्या पोरी आता खेळतात.

तिच्या तेराव्यानंतर बघितलं, टोपली पार खिळखिळी झालेली. मी नवी विणली, बूड सोडून. हात अडखळत होते—असली टोपली मी कधी विणलीच नव्हती ना.

बांधताना एक पोरगी म्हणाली, "आबा, ही युक्ती तुमचीच ना?"

"न्हाई. सखूची."

"मला वाटलंच होतं," म्हणाली अन् चेंडू घेऊन पळाली.

गुरुवारी शाळेत नवे खांब उभे राहणार हायत. मला परत फेटा बांधायचा म्हणतात. जाणार हाय मी, या पोरींना घेऊन. तिथं बी हेच सांगणार—खोटं बोललो होतो, मास्तरांपुढं, तिच्यापुढं. फेट्याबिगर, बोडक्यानंच परत येईन.