भव्य म्हणजे किती फूट?

उस्मान मिस्त्री मला पहिल्यांदा दिसले ते आडवे. शिरूरच्या स्टँडवर प्रवाशांसाठी नवा हॉल बांधून झाला होता, उद्घाटन व्हायचं होतं, आणि त्या कोऱ्या फरशीच्या मधोमध एक पन्नाशीचा माणूस गमछा अंथरून उताणा पडला होता. मी तेव्हा तिथे एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. बाजारचा दिवस, कुणीतरी झिंगून आत शिरलेला दिसतोय असं समजून मी आवाज चढवला. त्यांनी हातानेच मला थांबायची खूण केली, आणखी मिनिटभर छताकडे पाहिलं, मग उठून गमछा झटकला आणि अदबीने म्हणाले, "साहेब, मोठं केलंय, पर भव्य न्हाई झालं. हितं माणसाला आपण पार्सल हाय असं वाटतं."

मी रागवायचं विसरलो. कारण त्या हॉलमध्ये गेलं की मलाही काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं आणि त्याला शब्द सापडत नव्हता. त्या दिवशी मी त्यांना कँटीनमध्ये चहा पाजला आणि आमची ओळख झाली ती कायमची.

मिस्त्री घोडनदीचेच, म्हणजे शिरूरचेच. तीन पिढ्या गवंडीकाम. घरात दखनी बोलायचे, बाहेर आमच्यासारखीच मराठी. नवी इमारत दिसली की आत जाऊन आडवं व्हायचं, हा त्यांचा शिरस्ता. "उभ्या माणसाला नुसत्या भिंती दिसत्यात," ते सांगायचे, "जागा बघायची तर पाठ टेकवावी लागती." एकदा एका नव्या मंगल कार्यालयात ते असेच पडले असताना नवरदेवाकडची मंडळी आत आली. माणूस चक्कर येऊन पडलाय म्हणून कुणी पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाला लावला. मिस्त्री तशाच ओल्या सदऱ्याने घरी गेले आणि बायकोला म्हणाले की कार्यालय बरं हाय, पर छत एक हात खाली पाहिजे होतं.

त्यांच्या घरात सुनेने आणलेलं ताजमहालाचं कॅलेंडर होतं. वर्ष सरलं तरी ते कुणी काढलं नव्हतं. मी एकदा त्याचं कौतुक केलं, तर म्हणाले, "फोटोत उंची येती, भव्यपणा येत न्हाई. त्याला तिथं जाऊन उभं ऱ्हावं लागतंय." ते स्वतः कधी आग्र्याला गेले नव्हते, पण न गेल्याची खंतही त्यांना नव्हती. उलट स्वतःच्याच फजितीची गोष्ट ते रंगवून सांगत. तरुणपणी एका गावात त्यांनी दर्ग्याची कमान बांधली होती. शेजारच्या गावापेक्षा उंच पाहिजे असा सगळ्यांचा हट्ट; मिस्त्रींनीही ईर्ष्येने चढवली. पण बोळ आठ फुटांचा. कमानीचं टोक बघायला माणूस मागे सरकला की थेट गटारात. "पहिल्या उरसात सात माणसं पडली," असं सांगून ते स्वतःच डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे.

एका सुट्टीच्या दिवशी ते मला निघोजला घेऊन गेले. तिथे कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्याने दगडगोटे गरागरा फिरवून काळ्या खडकात विहिरीएवढे खड्डे कोरून काढलेत, त्यांच्या भिंती पॉलिश केल्यासारख्या गुळगुळीत. मी काठावर उभा राहून आत डोकावलो. मिस्त्री अर्थातच आडवे झाले होते. त्यांनी विचारलं, काय वाटतंय? मी म्हणालो, भीती वाटतेय.

"पर माघारी जावंसं वाटतंय का?"

"नाही."

"मग ह्येच ते," ते म्हणाले. "आन् बघा, पाण्यानं हितं काय सुदिक बांधलं न्हाई. नुसतं काढत गेलं."

आम्ही दुपारभर तिथे बसलो, बरोबर नेलेल्या भाकरी खाल्ल्या आणि मिळेल त्या जीपने परत आलो. इतकी समाधानाची दुपार माझ्या वाट्याला फार कमी वेळा आली.

पुढे माझी बदली दौंडला, म्हणजे माझ्याच गावी झाली. आमची वस्ती रेल्वेलाइनच्या कडेला. तिथे बुद्धविहार म्हणून पत्र्याची एक खोली होती. ती पाडून नवा विहार बांधायचं सगळ्यांनी ठरवलं. नकाशा व्हायच्या आधीच पोरांनी पत्रकं छापली आणि त्यांत 'भव्य बुद्धविहार' असं ठळक टाकलं. मग बैठकीत वाद सुरू झाला की भव्य म्हणजे किती फूट. कुणी चाळीस म्हणालं, कुणी पन्नास. जागा होती सगळी मिळून पंचवीस फूट बाय पंचवीस.

मी मिस्त्रींचं नाव सुचवलं आणि त्यांना शिरूरहून बोलावून घेतलं. ते आले, मोकळ्या जागेत गमछा टाकून आडवे झाले, वस्तीतली बाया-माणसं पदर तोंडाला लावून हसली. मग बसून त्यांनी समजावून सांगितलं की एवढ्या जागेत पन्नास फूट चढवलं तर ते कुरकुंभच्या कारखान्यांच्या धुराड्यासारखं दिसेल; त्यापेक्षा स्तुपासारखा गोल घुमट करू, आत एकही खांब नको.

आमच्या वस्तीत सोनबा आबांचा शब्द शेवटचा. उभा जन्म त्यांनी रेल्वेत गँगमन म्हणून काढलेला. त्यांनी एकच विचारलं, गाडीतून दिसेल का? मिस्त्री म्हणाले, दिसेल, पण थोडं; खरं दिसेल ते आत बसल्यावर.

"आत बसायचं आमाला कुणी शिकवलंय?" आबा म्हणाले. "मी चाळीस वर्सं रुळावर काढली. समद्या गावांची देवळं, मशिदी गाडीतनं दिसत्यात. आमच्या वस्तीचं काय दिसतं? सांडपाणी. म्हणून उंच पाहिजे."

आबांचं म्हणणं मला पोटातून पटत होतं आणि मिस्त्रींचंही. शेवटी मी सगळ्यांसमोर सांगितलं की हा माणूस चांगलंच करेल, माझा शब्द. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "अरुण, तुझ्या शब्दावर व्हय म्हणतो. बिघडलं तर वस्तीत तोंड दाखवायचं न्हाई."

काम सुरू झालं. काळ्या दगडाच्या दोन फूट जाड भिंती उठल्या, दारावरची तुळई बसली. एका सकाळी आबा काठी टेकत बघायला आले आणि दारापाशी थांबले. दार साडेचार फुटांचं होतं.

ही खिडकी का, असं त्यांनी विचारलं. मिस्त्री मोठ्या उत्साहाने पुढे झाले. ही त्यांची जुनी कारागिरी होती, बापाकडून शिकलेली. ते म्हणाले की दार बुटकं ठेवलं की माणूस वाकून आत येतो, आत आल्यावर मान वर करतो आणि छत होतं त्याच्या दुप्पट उंच वाटतं. आजवर बांधलेल्या प्रत्येक दर्ग्याला त्यांनी असंच दार केलं होतं.

आबांनी काठी भिंतीला टेकवली. त्यांचा आवाज चढला नाही. "मिस्त्री, माझा बा वाकत व्हता. त्येचा बा वाकत व्हता. वाड्याच्या दारात, चावडीत, जिथं तिथं. बुद्धाम्होरं मी माझ्या मनानं वाकीन. दारानं मला वाकवायचं न्हाई."

मिस्त्रींचा चेहरा खर्रकन उतरला. हत्यारं तिथेच ठेवून ते दुपारच्या एसटीने शिरूरला निघून गेले. खरं सांगायचं तर नकाशावर ते दार मीही पाहिलं होतं, आकडा वाचला होता, आणि याच वस्तीत जन्मून मला ते खटकलं नव्हतं. त्याची लाज मला आजही वाटते.

दोन दिवस काम बंद. मिस्त्री पळाला, असं वस्तीत सगळे बोलू लागले. मी मान खाली घालून ड्यूटीवर जाऊ-येऊ लागलो. तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने मिस्त्री उतरले, कुणाशी न बोलता घण उचलला आणि आपल्याच हाताने तुळई फोडायला घेतली. गड्यांना हात लावू दिला नाही. घामाघूम होऊन बसल्यावर मला म्हणाले, "चूक माझी. इमारतीचा इचार केला, आत कोण येणार त्येचा केलाच न्हाई." मग जरा थांबून, "पर आता दार उंच झाल्यावर आत भव्य वाटंल का, ते मला बी म्हाईत न्हाई. असं मी कवा केलंच न्हाई."

त्या दिवशी ते बिनछताच्या भिंतींमध्ये संध्याकाळपर्यंत पडून होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार सात फुटांचं केलं आणि त्याच्यापुढे एक छोटी अरुंद पडवी काढली, माणूस ताठ चालेल एवढीच उंच, खिडकी नसलेली. अंधाऱ्या, अरुंद जागेतून आलं की आतली जागा मोठी वाटेल, जमलं तर ह्याच्यावरच जमेल, असं ते म्हणाले.

घुमटाची पद्धतही त्यांची जुनीच. जवळच एका विहिरीचं खोदकाम चालू होतं, तिथला मुरूम ट्रॉल्या भरभरून आणला. दार कोरड्या दगडांनी बंद करून भिंतींच्या आत साचा म्हणून मुरूम भरला, वर त्याचाच गोल ढीग रचला, मधल्या खुंटीला दोरी बांधून ती फिरवत त्याला घोटून आकार दिला आणि त्यावर काँक्रीटचा घुमट ओतला. कुरकुंभला जाणारी पोरं शिफ्ट सुटली की पाट्या उचलायला यायची. तीन आठवडे बायकांनी घुमटावरचं गोणपाट भिजतं ठेवलं. मग राहिलं होतं आतला मुरूम काढायचं काम.

ते सुरू झालं घुमटाच्या बुडाशी ठेवलेल्या चार झरोक्यांतून. पहिल्या दिवशी आबांनी स्वतःला शिडीवर चढवून घेतलं आणि ते आत डोकावले. पोरं पोटावर सरपटत मुरूम उकरत होती, घुमट त्यांच्या पाठीला घासत होता. आबा खाली उतरले आणि मला म्हणाले की हे कोंबड्यांचं खुराडं झालं. त्यानंतर ते फिरकले नाहीत. माझ्या घरी बायको म्हणाली, आता आपण दुसरीकडे खोली बघायची का? ती थट्टा करत नव्हती.

मिस्त्री मात्र रोज सगळ्यांत आधी हजर. "ते वर जाणार न्हाई," ते पोरांना सांगायचे, "आपल्याला खाली जायाचंय." आणि तसंच झालं. तिसऱ्या दिवशी पोरं गुडघ्यांवर काम करू लागली, चौथ्या दिवशी उभी राहिली. मग दाराचे दगड काढले आणि पाट्या दारातून निघू लागल्या. जमीन जसजशी खाली गेली, तसतसा घुमट दूर गेला. सातव्या-आठव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की एरवी शिव्या देत, गाणी म्हणत काम करणारी पोरं हळू आवाजात बोलताहेत. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. मी पाटी खाली ठेवली आणि वर पाहिलं. अठरा फूट रुंद खोली, झरोक्यांतून उतरलेला चार बाजूंचा उजेड, आणि मला निघोजच्या काठावर वाटलं होतं तेच वाटलं; फक्त या वेळी भीती नव्हती.

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत ते शिरूरहून वर्षातून एकदा तरी यायचे, भिंतीवरून हात फिरवायचे, चहा घेऊन परत जायचे. गाडीतून आमचा घुमट दिसतो, पण माहीत असेल त्यालाच. मला मात्र त्यांची आठवण येते ती त्या पहिल्या सकाळची.

जमीन धुऊन काढली होती. वस्ती बाहेर जमली होती, पण आबांच्या आधी कुणी आत जाईना. आबा आले. नवं धोतर, पांढरा फेटा. पडवीच्या अंधारातून काठी टेकत ते ताठ चालत गेले. फेट्याचा तुरासुद्धा कुठे लागला नाही. आत मधोमध जाऊन त्यांनी मान वर केली आणि तसेच उभे राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी दाराशी होतो, आणि माझ्यामागे, पडवीच्याही बाहेर, मिस्त्री गमछ्याने हात पुसत उभे होते. हात कोरडेच होते. आयुष्यात इतका घाबरलेला माणूस मी पाहिला नाही.

आबांनी खाली बघितलं. डोळे पुसले. मग मागे वळून मला विचारलं की मिस्त्री कुठाय. मी बाजूला झालो. मिस्त्री पडवीतून आले, आणि दार सात फुटांचं असूनही जन्माच्या सवयीने मान खाली घालून, कमरेत वाकून उंबऱ्यावर थांबले.

आबा म्हणाले, "मिस्त्री, सरळ या. लई जागा हाय."