बरं री

‘बरं.’ हा शब्द उच्चारताना मास्तर उपरण्याचे टोक डाव्या खांद्यावर सारखे करीत आणि संभाषण संपले असे समजत. आपल्याही पाहण्यात असा एखादा मनुष्य असेल. पण आमच्या बेळगावच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या या गृहस्थांइतका चोख नसावा. जेवण झाले का, यावरही ‘बरं’, आणि साताऱ्याहून आई गेल्याची तार आली तेव्हा तारवाल्यालाही ‘बरं’. मग ते चौथ्या तासाला वर्गावर गेले. त्या तासाला त्यांनी कृष्णेच्या उपनद्या शिकवल्या. एकही सुटली नाही.

मी व्याकरण शिकवीत असे. चुका दुरुस्त करणे हा माझा धंदा, आणि न विचारता सल्ला देणे ही त्या धंद्याची खोड. मास्तर बदलून आले त्याच आठवड्यात मी त्यांना सांगितले, की तुम्ही शहापुरात खोली घेतली आहे, तिथला शेजार कानडी विणकरांचा आहे. त्यांच्याशी बोलताना आदर दाखवायचा असेल तर शब्दापुढे ‘री’ लावावा. ते म्हणाले, ‘बरं.’

माझा उपदेश इतक्या निष्ठेने दुसऱ्या कोणी पाळल्याचे स्मरत नाही. समोरच्या घरातले वृद्ध विणकर, ज्यांना सारी गल्ली आप्पा म्हणे, संध्याकाळी माग थांबवून नव्या शेजाऱ्याची विचारपूस करायला दारात उभे राहिले. ते कानडीत काही बोलले. मास्तरांना त्यातले अक्षरही समजले नाही. निरोप द्यावा म्हणून त्यांनी उपरणे सारखे केले आणि अत्यंत आदराने म्हटले, ‘बरं री.’

वाचकांपैकी ज्यांना कानडी येते ते इथे हसले असतील. इतरांसाठी सांगतो: आमच्याकडच्या कानडीत ‘बर्री’ म्हणजे ‘या’. आप्पा आत आले आणि बसले.

दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. मास्तर जितक्या आदराने त्यांना वाटेला लावू पाहत, तितक्या अगत्याने ते आत येत. असे दोन-तीन महिने गेले असतील. मग एकदा मधल्या सुट्टीत, कोणी काही विचारले नसताना, मास्तर म्हणाले, ‘आप्पांच्या मागाचा धोटा तुटलाय.’ आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहतच राहिलो. चित्रकलेचे शिक्षक माझ्या कानाशी पुटपुटले, ‘ह्यास्नी बोलाय येतंय की रं.’

त्यानंतर मी त्यांच्या गल्लीतून जात असता आतून त्यांचा आवाज ऐकला. ते बोलत होते, मराठीत आणि सलग. तार आली त्या दिवशी आपण घरी का गेलो नाही, हे ते आप्पांना सांगत होते. आप्पा मान हलवीत होते. मी पुढे जायला हवे होते. गेलो नाही.

चूक ठाऊक असून ती तशीच राहू देणे मला आठवडाभर जमले. मग मी त्यांना गाठले.

‘मास्तर, तुम्ही त्यांना रोज “या” म्हणता आहात.’

मी सगळा खुलासा केला. मग त्यांनी विचारले, ‘आणि “जा” कसं म्हणायचं?’

‘होग्री.’

त्यांनी तो शब्द दोनदा घोकला. उच्चार बिनचूक होता. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. या माणसाचे जगात एकच जाणे-येणे होते, आणि ते मी शुद्धलेखनापायी मोडले होते.

दुसऱ्या संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून मी गल्लीत गेलो. आप्पा दारात उभे होते. मास्तर त्यांच्याकडे पाहत राहिले. उपरण्याकडे हात गेला नाही. मग त्यांनी म्हटले, ‘बर्री.’ दोन्ही र स्पष्ट, अनुस्वाराचा मागमूस नाही. व्याकरणाच्या दृष्टीने मला हरकत घ्यायला जागा नव्हती.

चार वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी असताना, मास्तर तापाने गेले. परत आल्यावर मी आप्पांना भेटलो आणि जमेल तितक्या शुद्ध कानडीत दुःख व्यक्त केले. त्यांनी मागावर बसूनच सगळे ऐकून घेतले.

‘कानडी चांगली हाय तुमची, गुरुजी,’ ते म्हणाले. ‘पर मराठीच बोला. माझा जलम शहापुरात गेलाय.’

मी विचारले, की मग मास्तरांशी कधी मराठीत का बोलला नाहीत?

‘मला समजतंय म्हणून त्यास्नी कळलं असतं, तर बोलले असते व्हय त्ये?’

मग राहवले नाही म्हणून विचारले, की इतकी वर्षे मास्तर काय काय सांगत असत. आप्पांनी मागाच्या पावडीवर पाय ठेवला, आणि शांतपणे, कानडीत, मला सांगितले की आपल्याला मराठी येत नाही.