छबूआत्याची होक्कियन

आमच्या छबूआत्याला अख्खं बेलापूर हसायचं, आणि त्यात मी, तिची भाची निकिता, सगळ्यात पुढे होते. आधीच कबूल करते.

नवरा वारल्यावर आत्या एका एजंटामार्फत मलेशियात पिनांगला गेली, एका चिनी आजीला सांभाळायला. बारा वर्षांनी परतली ती त्या घरची होक्कियन बोली घेऊन. चिनीच, पण पिनांगची, मलय शब्द मिसळलेली. लग्नाकार्यात आम्ही तिला ती बोलायला लावायचो आणि पोट धरून हसायचो. जेवायला बसली की घास घेण्याआधी ती प्रत्येक मोठ्याला हाक मारायची, "आण्णा, जेवा. वहिनी, जेवा." तिकडच्या त्या घरातली रीत म्हणे. त्याचीही आम्ही नक्कल करायचो.

मी राहुरीला नर्स आहे. मागच्या महिन्यात शिर्डीहून शिंगणापूरला निघालेली एक गाडी उलटली आणि दोघी परदेशी मायलेकी आमच्याकडे आल्या. लेकीला ऑपरेशनला घेतलं. ऐंशीच्या आईला मधुमेह, सकाळी गोळी घेतलेली आणि पोटात अन्नाचा कण नाही. साखर घसरत होती, तरी पुढे ठेवलेल्या ताटाला ती हात लावेना. सलाईनची सुई तिने दोनदा उपटली. डॉक्टरांनी मोबाईलकडून प्रमाण चिनीतली वाक्यं वदवून घेतली, तर तिने तोंड फिरवलं. पासपोर्टवर पिनांग दिसलं आणि मी आत्याला फोन लावला.

आत्या शेतातूनच टेम्पोत बसून आली. आधी तांदळाची पेज करायला लावली. मग वॉर्डातल्या त्या आजीशी बोलत बसली. "लेक जिती हाय, पाय बसवत्यात, आसं सांगितलं," ती मला म्हणाली. आजी रडली, पण चमचा उचलेना. तेव्हा आत्या उठून समोर उभी राहिली, मान वाकवून तिने हाक मारली, "आमा, चिया पंग." आजी, जेवा.

आजीने वाटी जवळ ओढली. संपवली आणि आणखी मागितली!

"मावशी, काय जादू केलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"जादू कसली? हाक मारल्याबिगर म्हातारं मानूस जेवंल व्हय? तुमी सकाळधरनं नुसती ताटं आदळली."

मला वॉर्डभर ओरडत सुटावंसं वाटत होतं, की ही माझी आत्या आहे.

रविवारी बेलापूरला सगळे जेवायला बसलो. आत्या हाका मारणार, तोच मी म्हणाले, "आत्या, चिया पंग."

कुणीही हसलं नाही. आत्याने पदराने डोळे टिपले आणि पहिला घास घेतला.