मायचा रोजचा उपास

मागच्या बुधवारी मायला घेऊन एरंडोलला लॅबमध्ये गेलो होतो. उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं तिला, आणि घाबरलो होतो मी...

डॉक्टर आधीच बोलले होते. मागच्या वेळी शुगर वाढलेली निघाली, आता परत तशीच निघाली तर गोळ्यांवर भागणार नाही, रोजचं इंजेक्शन. माय सुईला घाबरते. घरात ती एकटीच, बहीण सासरी, आणि मी तिकडे चेन्नईला लिफ्ट बसवायच्या कामावर. टोचून देणार कोण?

मी सातवीनंतर शाळा सोडली, पण मोबाईल भारी चालवतो. जेवणाच्या सुट्टीत शुगरचेच व्हिडिओ बघायचो. एक म्हणतो भात बंद, दुसरा म्हणतो खा पण गार करून. एक म्हणतो केळं म्हणजे विष... हे केळीवाल्या रावेरात जाऊन बोल म्हणावं. जो शेवटचा बघितला तोच खरा वाटायचा, आणि लगेच मायला फोन.

दोन महिन्यांपूर्वी एकाने सांगितलं, दिवसातले सोळा तास फास्टिंग करा, शुगर खाली येते. मला पटलं. फोनवर म्हटलं, "माय, भाकरी सोड, रोज उपास कर." ती एवढंच बोलली, "बरं भाऊ, तू म्हनस तं करस."

आणि केला तिने, एक दिवस चुकवला नाही. तरी रिपोर्ट वाढला. मी तिच्यावरच चिडलो, चोरून गोड खातेस म्हणून. मग सुट्टी टाकून गावी आलो.

लॅबवाला बोलका माणूस. दंडाला रबर बांधता बांधता त्याने विचारलं, "अक्का, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"नै भाऊ. उपास शे मन्हा."

"आज कोणता उपास? चतुर्थी नाही, एकादशी नाही."

"देवना नै. पोऱ्याना शे. रोजना."

तो हसला. "रोजचा? मग खाता काय?"

"सकाळे साबुदाण्यानी खिचडी, दुपारले बटाटा, संध्याकाळे भगर. पोऱ्या इतला दूर ऱ्हास, त्यानी सांगेल शे... मोडता येस का?"

त्याने सुई खाली ठेवली. "आज पण खाल्ली खिचडी?"

"खादी ना. उपासले चालस ती."

बाकावर बसलेली माणसं हसायला लागली. लॅबवाला माझ्याकडे वळला, "काय हिरो, शुगरच्या पेशंटला रोज साबुदाणा? कोणत्या डॉक्टरने लिहून दिला?"

मला हसू आलं नाही. मागचं रक्त पण तिने खिचडी खाऊनच दिलं असणार. फास्टिंगचा उपास मीच करून टाकला होता... आणि आपल्याकडे उपासाला उपाशी कोण राहतं?

बाहेर आल्यावर मायने हळूच विचारलं, "मन्हं चुकनं का भाऊ?"

"नै माय, मन्हं चुकनं."

दुसऱ्या दिवशी खरंच उपाशीपोटी गेलो. शुगर वाढलेलीच होती, पण मागच्यापेक्षा बरीच खाली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. इंजेक्शनचं तूर्त थांबवलं, गोळ्या त्याच ठेवल्या, महिन्याने परत बघू म्हणाले.

मग त्यांनी तिला विचारलं, आधी काय जेवायच्या? ज्वारीची भाकरी, मेथी, डाळ, कधी वांग्याचं भरीत... ती घाबरत घाबरत सांगत होती, जशी चोरी कबूल करते आहे. ते म्हणाले, तेच खा, भाकरी तेवढी बेताची, आणि जेवण वेळेवर. तिचा चेहरा असा काही खुलला की मलाच कसंतरी झालं.

आता परत कामावर आलोय. व्हिडिओ अजून येतात. सगळेच खोटे असतात असं मी म्हणणार नाही, मला काय कळतं त्यातलं...

पण दोन महिन्यांत काय खा आणि काय नको, हे मी मायला रोज सांगितलं. आज काय खाल्लंस, हे एकदा पण विचारलं नाही. ते विचारलं एका अनोळखी माणसाने... त्याचे उपकार आहेत.